दमट हवेचा विमा

वरसे गावातल्या आमच्या घराला तेव्हा आतून रंगही लागला नव्हता. सिमेंटच्या भिंतींना विझलेल्या चुलीतल्या ओल्या राखेसारखा वास येई, आणि दुपारी खिडकीतून आत आलेले ऊनही जमिनीवर पडताच थोडे करडे होऊन जाई. रोह्याच्या बाजाराचा गलबला तिथवर पोचत नसे. मागच्या दाराशी भाताची खाचरे, पुढच्या दाराशी अर्धवट बांधलेली आणखी काही घरे, आणि मधोमध आम्ही दोघे. खुर्च्या यायच्या होत्या, पडदे यायचे होते. त्या सगळ्यांच्या आधी त्या घरात आवाज राहायला आला.

तो पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसून मस्कतहून आला. माझे थोरले दीर तिथे नोकरीला होते. धाकट्या भावाने स्वतःचे घर बांधले म्हटल्यावर दुसऱ्या कुणी भांडी पाठवली असती, भिंतीवरचे घड्याळ पाठवले असते. भाऊजींनी अॅम्प्लिफायर, कॅसेटचा डेक आणि गुडघ्याएवढे दोन स्पीकर पाठवले. त्यामागचे कारण मला यजमानांनी खोकी उघडता उघडता सांगितले. गावी, मळणीच्या दिवसांत, दोघे भाऊ खळ्यावर राखणीला झोपायचे आणि घरातल्या एकुलत्या एका ट्रान्झिस्टरला दोन बाजूंनी कान लावायचे. थोरल्याच्या बाजूला जाळी असायची, धाकट्याच्या बाजूला नुसती पाठ.

"तो म्हणायचा, थांब, मोठा झालो की तुला तुझी बाजू घेऊन देईन," हे म्हणाले, आणि बराच वेळ हातावरचा थर्माकोलचा चुरा झटकत राहिले.

मी कवितेवर वाढलेली मुलगी. कॉलेजात वृत्ते आणि यमके शिकले होते, शब्दांच्या नादाविषयी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. पण नाद हाताला लागतो, त्याला तापमान असते, वास असतो, हे मला त्या संध्याकाळी कळले. अॅम्प्लिफायरची पुढची पट्टी माठाच्या अंगासारखी गार होती. तिच्यावरची बटणे मधातून फिरावीत तशी सावकाश फिरत. स्पीकरच्या लाकडाला नव्या वहीचा वास होता. ह्यांनी नुसत्या तंबोऱ्याची एक कॅसेट लावली आणि मला जमिनीवर, स्पीकरांपासून थोडे दूर बसवले.

"खर्जाची तार ऐक. तिच्या पोटात गंधार आहे. कुणी छेडत नाही, तरी असतो."

मी डोळे मिटले. आधी फक्त एक लांबरुंद गुणगुण होती. मग त्या गुणगुणीच्या वरच्या काठावर, पाण्यावर कवडसा हलावा तसे काहीतरी हलले, विझले, पुन्हा हलले. मी डोळे उघडले तेव्हा हे माझ्याकडेच बघत होते. "सापडला ना?" एवढेच विचारले. त्या रंग न लागलेल्या खोलीत आम्ही अंधार पडेपर्यंत बसून राहिलो, आणि दिवा लावायचे कुणालाच सुचले नाही.

ह्यांचा कान कंपनीतही प्रसिद्ध होता. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत हे कॉम्प्रेसरवर होते. तिथे इतका गोंगाट असे की माणसे तोंडाऐवजी हातांनी बोलत. सगळ्यांना कानात घालायला कापूस मिळे, आणि सगळे तो घालीतही. पण यंत्राच्या पोटात बेअरिंग झिजू लागले आहे, हे कापसातून ऐकू येत नाही. मग हे कापूस काढीत, लोखंडी गजाचे एक टोक यंत्राच्या अंगावर टेकवीत, दुसरे कानाशी धरीत, आणि डोळे मिटून उभे राहत. धडधाकट बेअरिंग तंबोऱ्यासारखे लागते, म्हणत, आणि बिघडत आलेल्यात वाळू असते. दुसऱ्या शिफ्टची माणसेही ह्यांना बोलवायला घरी येत. मला ते चित्र फार आवडे: त्या सगळ्या गडगडाटात एक माणूस डोळे मिटून उभा आहे आणि लोखंडाचे मनोगत ऐकतो आहे.

घरातल्या दुसऱ्या पावसाळ्यात आवाज बसला. निदान हे तसे म्हणाले.

"गोधडी टाकल्यासारखा झालाय गं. वरचं सगळं गेलं."

आमच्या भागात अशा गोष्टीला कारण शोधावे लागत नाही. आषाढात काडी पेटत नाही, मिठाला पाणी सुटते, कपाटातल्या रेशमाला कुबट वास येतो, चपलांवर हिरवी मखमल उगवते. खाडीवरून येणारी खारी हवा दाराच्या बिजागऱ्यांनाही सोडत नाही, मग स्पीकरच्या आतल्या त्या कागदी पडद्याची काय कथा! ह्यांनी कपाटाचा एक खण रिकामा करून स्पीकर आत ठेवले आणि शेजारी दिवसरात्र एक पिवळा बल्ब जळत ठेवला. मी तांदळाच्या पुरचुंड्या बांधून दिल्या, चार लवंगा टाकल्या. घरात दोन लेकरे तापाने पडली असावीत, अशी आमची चाल दबकी झाली. ऐकायचे तेव्हा स्पीकर बाहेर यायचे, आणि अॅम्प्लिफायरवरचे वरच्या सुरांचे बटण दर खेपेला थोडे अधिक उजवीकडे सरकायचे.

मला तो आवाज सुयांसारखा टोचू लागला. झांजा वाजल्या की दातांतून कळ जाई. मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाई, आणि तिथून ऐकताना मनात म्हणे, ही ओल मोठी विचित्र आहे, ह्यांना आवाज बोथट करते आणि मला धारदार.

मग एका संध्याकाळी आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. पाऊस नुकता थांबला होता. खाचरांत आभाळ साचले होते आणि हवेला भाताच्या रोपांचा, गोडसर दुधासारखा वास होता. चहा पिता पिता हे म्हणाले, "यंदा रातकिडे कुठे गेले कुणास ठाऊक. कंपन्यांच्या धुरानं मेले असतील."

सगळे रान किरकिरत होते. बांधापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत आवाजाची एक अखंड चादर पसरली होती. तिच्यात कुठे भोकसुद्धा नव्हते.

"अहो, आहेत की!"

"तुला कवितेत ऐकू येत असतील," हे म्हणाले आणि हसले.

मीही हसले. पण त्या हसण्याच्या खालून काहीतरी गार सरकत गेले. मी कपाच्या काठावरून ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यावर कुठलाच आव नव्हता, थट्टा नव्हती. रातकिडे नसलेल्या, स्वच्छ, शांत संध्याकाळीकडे हे बघत होते.

विमा काढायची कल्पना ह्यांचीच. माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पेणला विम्याची कामे करीत असे. रविवारी तो एसटीने आला. काखेत छत्री, खांद्याला रेक्झिनची बॅग, आणि तोंड दारातूनच सुरू.

"कुठाय तुमचं सोनं?"

ह्यांनी कपाट उघडून स्पीकर बाहेर काढले. त्यांवरची चादर सारली.

"दोन पेट्या नि दोन डबे?" मामा म्हणाला. "गो बाय, यापरीस तुझ्या बापाच्या कारखान्यातला गणपती बरा. निदान आरती तरी करता येते."

"मामा, घराच्या पॉलिसीत हे बसेल ना?" ह्यांनी विचारले.

"बसल की. घर तुमचं हाय, घरातलं सामान त्याच पॉलिसीत येतं. पण ताटंवाट्या एका ओळीत बसतात, तशी ही नाय बसत. महागाची वस्तू वेगळी लिवायला लागते. कुठून आली, कोणी दिली, आज घ्यायची तर काय पडेल. नाय लिवली नि उद्या गेली, तर कंपनी विचारणार, तुमच्याकडं होती कशावरून?"

"आणि कशाकशासाठी मिळतात पैसे?"

"आग. वीज पडली. नदीचं पाणी घरात शिरलं. चोर आला, पण कुलूप तोडून आला पायजे. दार उघडं टाकून शेजारी चहा प्यायला गेलात नि तो आत आला, तर कंपनीच्या हिशेबी तो चोर नाय, पाव्हणा."

हे हसले नाहीत. "आणि दमट हवा?"

"काय?"

"ओलीनं आवाज बसला तर?"

मामाने चष्मा कपाळावर चढवला. "जावयबापू, हवेचा विमा काढायला लागलो तर सगळं कोकण माझ्या दारात लायनीत उभं राहील. ओल नाय, बुरशी नाय, झीज नाय. उंदीर पण नाय. गणपतीचं वाहन हाय, सूट द्या, असं सांगितलं तरी नाय."

मला हसू आवरेना. ह्यांनी मात्र तेवढ्याच गंभीरपणे तारा जोडल्या, कॅसेट लावली आणि मामाला ऐकवले. संतूर सुरू झाले, आणि मामाने दोन्ही हात कानांवर नेले. "हळू, जावयबापू! म्हाताऱ्याच्या कानात खिळे ठोकताय का?"

ह्यांनी आवाज कमी केला. वरच्या सुरांच्या बटणाला हात लावला नाही. "तुमच्याकडे कागदावर असं लिहायचं असतं ना, की वस्तू चालू स्थितीत आहे?"

"त्याच्यावर तर सगळं उभं हाय. बिघाड असला तर आताच सांगा. तसं लिवू. मग तेवढा भाग विम्यात नाय."

"मग आज नको. पुढच्या रविवारी मीच येतो पेणला. तोवर स्पीकर सुकवून घेतो."

"सुकवून?" मामा माझ्याकडे वळला. "गो, ते काय बोंबील हायत?"

पण ह्यांच्या मनात ते पक्के झाले होते. माझे माहेर पेणचे, आणि माहेरी बाबांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. पावसाळा हाच तिथला हंगाम. बाहेर धो धो पाऊस आणि आत ओल्या मातीचे शेकडो देव, ते सुकणार कसे? म्हणून बाबा एका लांब खोलीच्या भिंतींना ताडपत्र्या लावीत, मोठे बल्ब टांगीत, कोळशाच्या शेगड्या पेटवून ठेवीत. पेणमध्ये सुकत नाही असे काही उरतच नाही, असे हे म्हणाले, आणि त्याच आठवड्यात स्पीकर चादरीत गुंडाळून एसटीने पेणला नेऊन ठेवून आले. तो वेडेपणा आहे हे मला तेव्हाही दिसत होते. पण तो आमच्याच मातीतला वेडेपणा होता. कोकणातल्या माणसाला कुठल्याही बिघाडाचे मूळ आधी ओलीतच दिसते.

त्या आठवड्यात घर फार गप्प होते. मी कितीदा तरी बोलायला गेले. भात वाढताना, दार लावताना, ह्यांचे कामाचे कपडे दोरीवर टाकताना. पण आवाज बसला म्हणून ज्याला इतके दुःख झाले होते, त्याला आवाज बसलेलाच नाही असे सांगायचे म्हणजे काय सांगायचे? मला भीती एकाच गोष्टीची होती. कळले की हे ऐकणेच सोडून देतील. खळ्यावरच्या त्या मुलाला इतक्या वर्षांनी त्याची बाजू मिळाली होती, आणि तो तिच्याकडे पाठ फिरवून झोपेल.

रविवारी आम्ही पेणला गेलो. कारखान्याच्या त्या लांब खोलीत पाऊल टाकले की मला नेहमीच स्वप्नात शिरल्यासारखे होई. बल्बांचा तांबूस उजेड, शेगड्यांची ऊब, ओल्या शाडूचा पोटात शिरणारा वास, आणि फळ्यांवर ओळीने बसलेले देव. काही आमच्याकडेच घडलेले, काही जवळच्या हमरापूर गावाहून आलेले. अजून रंग नाही, दागिने नाहीत, डोळे नाहीत. सगळ्यांनी डोळे मिटून घेतलेत असे वाटे. आणि त्यांच्या रांगेत, मधल्या फळीवर, आमचे दोन काळे स्पीकर.

"जावयबापू, हे दोन तुमचेच ना?" बाबा पंच्याने हात पुसत आले. "गिऱ्हाईक विचारून गेलं, यांची सोंड कुठं राहिली म्हणून."

मामाही तेवढ्यात कागद घेऊन हजर झाला, आणि स्पीकर पाहून दारातच थबकला. "व्हय भावोजी, हे इथं? घराची पॉलिसी हाय ही, घराची! सामान वरसेला पायजे. उद्या शेगडीनं पेट घेतला, तर कंपनी म्हणणार, वस्तू रोह्याच्या घरात म्हणून लिवली, ती पेणात देवांच्या पंगतीला काय करत होती?"

"पॉलिसी अजून सुरू कुठे झालीय, मामा?" हे म्हणाले. "आजच तर लिहायचीय."

कारखान्यात कामाच्या वेळी गाणी लावायला एक जुना कॅसेट प्लेअर होता. ह्यांनी त्याच्या तारा काढून आमच्या स्पीकरांना जोडल्या, आणि खिशातून तीच संतूरची कॅसेट काढली. सूर उठले. त्या ऊबदार खोलीत ते इतके निर्मळ लागले की माझ्या अंगावर काटा आला. थेंब न् थेंब वेगळा ऐकू येत होता. पंचा खांद्यावर टाकून बाबाही ऐकत राहिले.

ह्यांनी मान हलवली. "अजून ओल आहे."

"आठ दिवसांत गणपती सुकला नि तुमची पेटी नाय सुकली?" बाबा हसले. "सुकलंय का नाय ते कळायची आमची एकच रीत. या इकडं." त्यांनी ह्यांना फळीपाशी नेले, एका मूर्तीच्या पाठीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली. "ही ओली." आवाज बोदा आला, भरलेल्या मडक्यासारखा. मग शेजारच्या मूर्तीवर तशीच टिचकी. "नि ही सुकी." हा आवाज खणखणीत, वर उडणारा, काचेच्या बांगडीसारखा. "आता तुम्ही सांगा, तुमची पेटी यातली कुठली."

"दोन्ही सारख्याच," हे म्हणाले.

"काय जावयबापू, थट्टा करताय म्हाताऱ्याची?" मामा म्हणाला.

बाबांनी हसत पुन्हा टिचकी मारली. ओली. सुकी. हे पुढे वाकले. हाताचा द्रोण करून कानामागे धरला. "पुन्हा." बाबांनी पुन्हा मारली, आता जरा जोराने. ओली. सुकी. ह्यांनी डोळे मिटले होते, कंपनीत गज कानाशी धरून उभे राहत असतील तसे. "पुन्हा," हे म्हणाले. बाबांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू ओसरले. हात तसाच मूर्तीच्या पाठीवर राहिला.

संतूर वाजतच होते. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळले.

"तुला वेगळं ऐकू येतं? हे दोन?"

खोटे बोलता आले असते. नाही म्हटले असते तर ओल ओलच राहिली असती, आणि आम्ही दोघे दर पावसाळ्यात स्पीकर सुकवत बसलो असतो. पण हे माझ्याकडे, गंधार दाखवला त्या संध्याकाळी पाहिले होते, तसेच पाहत होते.

"येतं," मी म्हणाले.

"आणि हे?" स्पीकरकडे बोट दाखवून विचारले.

"स्वच्छ आहे. पहिल्या दिवशी होतं तसंच."

"केव्हापासून?"

"मला शंका आली ती रातकिड्यांवरून."

हे पुढे झाले, कॅसेट बंद केली, तारा सोडवून नीट गुंडाळल्या. शेगडीत कोळसा तडकला, तो मात्र ह्यांना ऐकू आला असावा, कारण हे तिकडे पाहून थांबले. मामा कागद छातीशी धरून उभा होता.

"मग जावयबापू," तो अगदी हळू म्हणाला, आणि मग हळू बोलून चालणार नाही हे ध्यानात येऊन मोठ्याने, "मग बिघाड नाय, असं लिवू?"

"लिहा, मामा. वस्तू चांगली आहे. चालू स्थितीत आहे." ह्यांनी स्वतःच एकेक शब्द सांगितला, आणि सही केली. मग पेनचे टोपण लावत म्हणाले, "झीज धरत नाही ना तुमची कंपनी?"

"नाय धरत, जावयबापू," मामा म्हणाला, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला.

परतीच्या एसटीत एक स्पीकर ह्यांच्या मांडीवर, एक माझ्या. वडखळपाशी खाडीचा वास आत आला, चिखलाचा आणि मिठाचा. मिठागरांवर संध्याकाळ उतरत होती आणि दूर धरमतरकडे एक मालवाहू बार्ज पाण्यावर नव्हे, उजेडावर ठेवल्यासारखी दिसत होती. नागोठणे मागे पडल्यावर हे बोलले.

"गजानं अजून कळतं मला. बेअरिंगचं काम अडायचं नाही."

"मी कामाचं विचारलंच नाही."

"मग?"

"घरी गेल्यावर स्पीकर जोडणार ना?"

ह्यांनी खिडकीबाहेर पाहिले. मी चादरीच्या गाठीवर हात ठेवून बसले. गाडी खड्ड्यातून गेली की आतला स्पीकर माझ्या पोटाशी जड जड हलत होता.

पॉलिसी आली. आमच्या घराच्या भिंती, पंखे, कपाट, आणि मग वेगळ्या ओळींत डेक, अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर. आग, पूर, वीज, चोर, सगळ्यांपासून ते आता सुरक्षित होते. आम्ही पनवेलला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. वरचे सूर गेले ते परत यायचे नाहीत, उरलेले जपा, असे त्यांनी सांगितले. कंपनीत हे कापूस घालू लागले, त्यावर कान झाकणारे जाड आच्छादनही चढवू लागले. दुसऱ्या शिफ्टची माणसे बोलवायला आली की क्वचितच जात. घरी येत, जेवत, वर्तमानपत्र वाचत. स्पीकर जागेवर होते, तारा जोडलेल्या होत्या. बटण कुणी दाबत नव्हते. मी रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसे आणि पुसताना अॅम्प्लिफायरच्या हिरव्या, न लागलेल्या दिव्याकडे न बघायचा प्रयत्न करी. श्रावण गेला. गणपती आले, बसले, पाण्यात गेले. घरात मला माझ्या पावलांचासुद्धा आवाज येऊ लागला होता.

आश्विनात एके दिवशी मी भाजी निवडत होते. ऊन कलले होते आणि मागच्या खाचरांतून पिकत्या भाताचा, भाजलेल्या लाहीसारखा वास येत होता. आतून खटका वाजल्याचा आवाज आला. मी गेले तर हे स्पीकरांसमोर जमिनीवर बसले होते. हातात एका गायिकेची जुनी कॅसेट होती. ती लग्नाआधीपासून ह्यांच्याजवळ होती, आणि ट्रान्झिस्टर जाऊन टेप आला त्या दिवसापासून ऐकून ऐकून तिच्यावरची अक्षरे उडाली होती. वरच्या सुरांचे बटण ह्यांनी मधोमध आणून ठेवले होते.

"इथे ठीक आहे ना तुला? टोचत नाही?"

"ठीक आहे."

"मग बस. काय काय ऐकू येतं ते सांगत जा."

मी बसले. तंबोरा सुरू झाला, मग तिचा आवाज. मी सांगू लागले. "आता स्वर वर चाललाय, जसं पहाटे धुकं डोंगरावरून—"

"उपमा नकोत गं," हे म्हणाले. "वाजतंय काय ते सांग."

मी खजील झाले, आणि मग हसूच आले. आयुष्यभर शिकलेले सगळे बाजूला ठेवून नुसते सांगायचे, हे किती अवघड होते! मागे तंबोऱ्याची जवारी जरा खरखरते आहे. तबल्याच्या काठावर, चाटेवर, बोट पडले. तिने निषादावरून षड्जाला स्पर्श केला आणि परत आली. हे डोळे मिटून ऐकत होते, तिला आणि मला, दोघींना. कधी मान डोलावत, कधी भुवई वर करीत, जणू माझ्या हाती दिलेला हिशेब तपासून घेत होते.

"आता ती थांबली," मी म्हणाले.

"थांबली नाही. श्वास घेतला तिनं."

"मला नाही ऐकू आला."

"आहे तिथे. पाठ आहे मला. मागे घे."

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. स्पीकरच्या जाळीला जवळजवळ कान टेकवला. तंबोऱ्याच्या खाली, एका स्वराचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्यामध्ये, कापडाच्या सळसळीइतका बारीक, एका बाईने आत घेतलेला श्वास होता. इतक्या वेळा ती कॅसेट ऐकून तो मला कधी ऐकू आला नव्हता.

"होता?" ह्यांनी विचारले.

"होता."

"हं," हे म्हणाले, आणि भिंतीला पाठ टेकून नीट बसले. "आता पुढे चालू दे. पुढे एकदा खोकलीसुद्धा आहे ती. बघू तुला सापडते का."